एअरफिक्स : कंगव्यांच्या कारखान्यापासून 'मेड इन इंडिया'पर्यंत साच्यांचा प्रवास

खोकेवाला

गेल्या आठवड्यात भाच्याने साठवलेल्या पैशांतून आपले पहिले किट (प्लास्टिकचे सुटे भाग जोडून प्रतिकृती करायचा संच) घेतले: एअरफिक्सचे, एकास बहात्तर प्रमाणातील स्पिटफायर. लाल खोके चारी बाजूंनी वाचून झाल्यावर त्याने विचारले, "मामा, विमान इंग्लंडचे, कंपनी इंग्लंडची, मग खोक्यावर 'मेड इन इंडिया' कसे?" दोन वाक्यांत उत्तर देता येईना, आणि जे दिले ते त्याला पटेना. म्हणून सविस्तर लिहितो आहे. एअरफिक्सचा इतिहास कंपनीचा इतिहास म्हणून वाचला, तर तो दिवाळखोऱ्यांचा आणि खरेदीविक्रीचा जमाखर्च वाटतो. तोच पोलादी साच्यांचा इतिहास म्हणून वाचला, तर मात्र सलग दिसू लागतो, असे माझे मत आहे.

सुरुवात 1939 सालची. निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या गृहस्थांनी लंडनमध्ये हवा भरून फुगवायची रबरी खेळणी करण्याचा धंदा काढला. नावातला 'एअर' तो या हवेचा. विमानांशी त्याचा तेव्हा काडीचाही संबंध नव्हता. इंग्रजी वर्णमालेतल्या पहिल्या अक्षराने सुरू होणारे नाव व्यापारी सूचीत वर येते, हाही हिशेब त्यामागे होता असे सांगतात. पुढे युद्धामुळे रबर दुर्मीळ झाले आणि कोव्ह प्लास्टिककडे वळले. युद्ध संपल्यावर त्यांनी इंजेक्शन मोल्डिंगचे, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून भरण्याचे, यंत्र आणले. ब्रिटनमध्ये हे तंत्र लवकर उचलणाऱ्यांत ते होते. त्या यंत्रातून आधी कंगवे निघू लागले, हजारोंनी. पुढे ज्या कंपनीच्या विमानांवर तीन-चार पिढ्या वाढल्या, तिचे 1947 च्या सुमारास मुख्य उत्पादन कंगवे हे होते, हे मला दर वेळी नव्याने गमतीचे वाटते.

प्रतिकृतींकडे कंपनी वळली तीही स्वतःच्या इच्छेने नव्हे. 1949 साली हॅरी फर्ग्युसन यांना आपल्या टीई20 ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती हवी होती, विक्रेत्यांनी गिऱ्हाइकासमोर ठेवावी म्हणून. (आपल्याकडच्या शेतांत दिसणाऱ्या मॅसी फर्ग्युसनच्या नावातले फर्ग्युसन ते हेच.) ही प्रतिकृती सेल्युलोज अॅसिटेटची होती आणि कारखान्यात हाताने जोडून दिली जाई. जोडणीचा हा खर्च आणि त्रास पाहून, सुटे भाग तसेच विकून जोडण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपवावे, हा विचार पुढे आला. एका अर्थाने सबंध छंद या काटकसरीतून जन्मला.

खरे वळण आले 1952 साली, वूलवर्थ या दुकानसाखळीमुळे. सर फ्रान्सिस ड्रेक यांच्या 'गोल्डन हाइंड' जहाजाचे किट वूलवर्थला हवे होते, पण दोन शिलिंगांत, म्हणजे पौंडाच्या दहाव्या हिश्श्यात. त्या किमतीत बसवण्यासाठी एअरफिक्सने दोन गोष्टी केल्या. अॅसिटेटऐवजी पॉलिस्टायरीन वापरले, जे कालांतराने वाकडे होत नाही. आणि खोके रद्द करून भाग साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरले. पिशवीचे तोंड ज्या कागदी पट्टीने बंद केले, त्याच पट्टीच्या मागच्या बाजूला जोडणीच्या सूचना छापल्या. पोरांच्या खाऊच्या पैशांत जहाज मिळू लागले आणि माल धडाक्याने खपला.

काही काळाने पहिले विमान आले, स्पिटफायर. ते अमेरिकेतील ऑरोरा कंपनीच्या एकास अठ्ठेचाळीस किटवरून उतरवून लहान केलेले होते, त्यामुळे मूळ किटच्या चुकाही इमानाने उतरल्या. बाजूला 'बीटी-के' अशी अक्षरे असलेले हे स्पिटफायर आज संग्राहकांत प्रसिद्ध आहे ते अचूकतेसाठी नक्कीच नव्हे. कोव्ह यांचा तर या कल्पनेवर विश्वासच नव्हता. साच्याचा खर्च ते हे किट रेखाटणाऱ्यांच्या माथी मारायला निघाले होते, अशी कथा आहे. 1958 साली कोव्ह वारले. त्यानंतर राल्फ अर्मन आणि जॉन ग्रे यांच्या हाती सूत्रे राहिली, आणि दक्षिण लंडनमधील वॉन्ड्झवर्थच्या हाल्डेन प्लेस येथील कारखान्यातून विमाने, जहाजे, रणगाडे, मोटारी, रेल्वेलगतच्या इमारती आणि बोटाच्या पेराएवढे सैनिक बाहेर पडत राहिले. 1970 साली तर एकास चोवीस प्रमाणातील स्पिटफायर आले, ज्याच्या पंखांचा विस्तार जवळजवळ 47 सेंटिमीटर भरतो.

मग घसरण. 1971 साली लाइन्स ब्रदर्स हा खेळण्यांचा मोठा उद्योगसमूह कोसळला आणि त्यातील मेकॅनो (धातूच्या पट्ट्या जोडण्याचे खेळणे) व डिंकी (छोट्या मोटारी) हे विभाग एअरफिक्सने घेतले. लिव्हरपूलचा मेकॅनोचा कारखाना जुना आणि तोट्यातला होता. 1979 च्या नोव्हेंबरात तो बंद करावा लागला, आणि महागलेला पौंड व चढे व्याजदर यांच्या कात्रीत सापडलेला एअरफिक्स समूह 1981 च्या जानेवारीत बुडाला. किटांचा विभाग तेव्हाही चालता होता. शेजारच्या घराची भिंत अंगावर पडावी तसे झाले.

इथून साच्यांचा प्रवास सुरू होतो. अमेरिकेतील जनरल मिल्स या (होय, न्याहारीचे पदार्थ करणाऱ्या) कंपनीने आपल्या पॅलिटॉय या शाखेमार्फत नाव आणि साचे घेतले, आणि ते साचे खाडी ओलांडून फ्रान्समध्ये कॅले येथे गेले. 1986 साली इंग्लंडमधील हल शहराच्या हंब्रोल या रंगवाल्यांकडे मालकी आली आणि साचे नॉर्मंडीतील त्रँ गावी, हेलर या फ्रेंच किट कंपनीच्या कारखान्यात पोहोचले. 2006 साली हेलर अडचणीत आली, तिकडून किटे येईनाशी झाली आणि 31 ऑगस्टला हंब्रोलही दिवाळखोरीतील प्रशासकांच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला केंट परगण्यातील मार्गेटच्या हॉर्नबीने हंब्रोल आणि एअरफिक्स ही दोन्ही नावे मिळून 26 लाख पौंडांना विकत घेतली. हॉर्नबीचे स्वतःचे उत्पादन आधीपासून देशाबाहेर होत होते. त्यांनी एअरफिक्सची किटे भारतातील पुरवठादारांकडून ओतून घ्यायला सुरुवात केली. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. जाणकारांनी भर घालावी.

पाटीपेन्सिल

लेख आवडला. एक प्राथमिक शंका आहे. बहात्तर हाच आकडा का? पन्नास किंवा शंभर का नाही? शंभर धरले असते तर हिशेब किती सोपा झाला असता.

खोकेवाला

@पाटीपेन्सिल, हिशेब फूट-इंचांत केला तर बहात्तरच सोपा आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. तेव्हा सहा फुटांचा वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. हे प्रमाण एअरफिक्सने शोधलेले नाही. 1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये स्कायबर्ड्स नावाची लाकडी किटे याच प्रमाणात निघत होती आणि 1936 साली फ्रॉग कंपनीने 'पेंग्विन' या नावाने प्लास्टिकची किटे काढली, तीही याच मापाची. उडू न शकणारे विमान म्हणून पेंग्विन! एअरफिक्सने ते प्रमाण घराघरांत नेले, इतके खरे.

भोसरी_टूलरूम

माझी बत्तीस वर्षे डाय आणि मोल्डमध्ये गेली, त्यामुळे "साच्यांचा प्रवास" हे शब्द वाचून थांबलो. बाहेरच्या माणसाला एक गोष्ट लक्षात येत नाही: अशा धंद्यात प्लास्टिकच्या दाण्यांची किंमत किरकोळ असते, खरी मालमत्ता म्हणजे साचा. कंपनी बुडते तेव्हा इमारत विकली जाते, यंत्रे भंगारात जातात, पण नीट तेल लावून ठेवलेला साचा वीस वर्षांनी दुसऱ्याच देशातल्या प्रेसवर चढवला तरी पहिल्यासारखा माल देतो.

त्या काळचे साचे कसे होत असत, तेही सांगतो. आधी कारागीर प्रत्यक्ष भागाच्या काही पट मोठा लाकडी नमुना घडवी. मग पँटोग्राफ यंत्राच्या एका हाताची बोथट सुई त्या नमुन्यावरून फिरवायची; दुसऱ्या हाताला लावलेले फिरते कटर तोच आकार लहान करून पोलादात खोदत जाई. नमुना मोठा का, तर हाताची चूक लहान होताना तीही त्याच पटीत लहान होते. शेवटची सफाई मात्र हातानेच: भिंग लावून, छिन्नी आणि पॉलिश पेपर घेऊन. साच्यात रेषा कोरली की मालावर ती उठून दिसते. मालावर खोलगट रेषा हवी असेल तर साच्यात तिच्या भोवतालचे सगळे पोलाद काढून ती उभी ठेवावी लागते. जुन्या किटांवर पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेट उठावदार का असत, याचे उत्तर पुष्कळ अंशी इथे आहे. कोरणे स्वस्त, उभे ठेवणे महाग.

आणि जुन्या किटांच्या कडेला जी पातळ पापुद्र्यासारखी झालर येते, तिला आम्ही फ्लॅश म्हणतो. साच्याचे दोन अर्धे लाखो वेळा मिटल्यावर कडा झिजतात, त्या फटीतून प्लास्टिक बाहेर येते. पंखाच्या जाड मुळाशी जो हलका खळगा दिसतो तो सिंक मार्क. तिथले प्लास्टिक उशिरा थंड होते आणि आकसते.

खोकेवाला

@भोसरी_टूलरूम, हे माझ्या लेखात असायला हवे होते. भाच्याच्या स्पिटफायरवर सांध्यांच्या रेषा खोलगट आहेत, कारण हॉर्नबीच्या काळातले नवे साचे संगणकावर आराखडा करून कापलेले आहेत. एकाच नावाच्या दोन खोक्यांत अर्ध्या शतकाचे अंतर असू शकते, हे नवशिक्यांनी खोक्यावरचे चित्र पाहून ओळखणे कठीण असते.

लेस्टरकर

चित्रांचा विषय निघालाच आहे तर मला लिहू द्यावे. मी गेली अठरा वर्षे लेस्टरला राहते. पॅलिटॉयचा कारखाना आमच्या याच परगण्यातील कोलव्हिलचा. रविवारी मैदानात भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एअरफिक्सची खोकी दिसली की माझे यजमान किट पाहतात आणि मी झाकण पाहते.

1964 ते 1974 या काळातली बहुतेक गाजलेली झाकणे रॉय क्रॉस यांनी रंगवलेली आहेत. युद्धकाळात ते फेअरी या विमान कंपनीत तांत्रिक चित्रकार होते, त्यामुळे विमानाचा कुठला पत्रा कुठे जोडलेला असतो हे त्यांना आतून ठाऊक होते. आणि तरीही त्यांचे विमान आराखड्यासारखे स्थिर नसते. ते अंगावर येते, पंख तिरके, खाली समुद्र किंवा शेते, आणि क्षितिज कधीही सरळ नाही. खोक्याच्या आत करड्या रंगाचे चाळीसेक तुकडे आहेत हे ठाऊक असूनही पोराला ते चित्रच विकत घ्यायचे असे, हे मान्य करायला हवे.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात खेळण्यांवरील हिंसेच्या चित्रणाबद्दल कुरकुर सुरू झाली, तेव्हा याच चित्रांतले स्फोट, पडणारे बाँब आणि पेटलेली शत्रूची विमाने पुसून टाकण्यात आली. दोन काळांतली झाकणे शेजारी ठेवली की मौज दिसते: बाँबफेकी विमान तेच, वळण तेच, पण आता ते कुणावरही काही न टाकता नुसतेच फेरफटका मारायला निघाल्यासारखे वाटते. हॉर्नबीने पुढे जुनी किटे जुन्याच चित्रांसह पुन्हा काढली आहेत.

सुटासुटा

थोडा विरोधी सूर लावतो. आठवणींच्या भरात आपण एअरफिक्सला फारच वर चढवतो. 1970 च्या दशकात तामिया आणि हासेगावा या जपानी कंपन्यांचे भाग एकमेकांत कसे बसत, आणि एअरफिक्सच्या पंखाच्या मुळाशी फटी बुजवायला किती लांबी (पुट्टी) भरावी लागे, हे ज्याने दोन्ही जोडले आहे त्याला सांगावे लागत नाही. मेकॅनोमुळे बुडाले हे अर्धसत्य असावे. माल मागे पडत चालला होता, 1973 साली मॅचबॉक्ससारखे रंगीत भागांचे स्वस्त किट घेऊन नवे स्पर्धक आले होते, आणि त्याच वर्षीच्या तेलटंचाईने पॉलिस्टायरीन महाग केले होते.

आजच्या भारतात ओतलेल्या किटांबद्दलही परीक्षणांत वारंवार वाचायला मिळते की प्लास्टिक काहीसे मऊ आहे आणि बारीक दांड्या कापताना वाकतात.

खोकेवाला

@सुटासुटा, स्पर्धकांबद्दल तुमचे बरोबर आहे, आणि लांबीबद्दल तर वादच नाही. पण फ्रॉगचे उदाहरण पाहा. तोही जुना आणि नावाजलेला ब्रिटिश ब्रँड. 1976 साली बंद पडला आणि त्याचे बरेच साचे सोव्हिएत संघात गेले. तिथून तीच विमाने 'नोव्हो' या नावाने येत राहिली, पण फ्रॉग हे नाव संपले. एअरफिक्सचे नाव आणि साचे दर वेळी एकाच गिऱ्हाइकाकडे गेले, म्हणून ते तगले. गुणवत्तेपेक्षा या योगायोगाला मी अधिक श्रेय देतो.

प्लास्टिकच्या मऊपणाबद्दल: धारदार कटर आणि थोडा धीर. भाच्याने पहिल्याच दिवशी चाकाची दांडी, सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तीतून, पिरगळून काढायचा प्रयत्न केला, ती लवली पण तुटली नाही. जुने ठिसूळ प्लास्टिक असते तर दोन तुकडे झाले असते.

रूळबदल

हॉर्नबी म्हणजे खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांचे हॉर्नबीच ना? मग फ्रँक हॉर्नबी आणि मेकॅनो यांचे काय? गोंधळ होतो आहे.

खोकेवाला

@रूळबदल, गोंधळ होणे साहजिक आहे आणि या कथेतली सर्वांत चविष्ट गाठ नेमकी तिथेच आहे. फ्रँक हॉर्नबी हे मेकॅनोचे जनक. 1901 साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. हॉर्नबी रेल्वेगाड्या हे त्यांच्याच मेकॅनो कंपनीचे दुसरे अपत्य. 1964 साली लाइन्स ब्रदर्सने मेकॅनो कंपनी ताब्यात घेतली आणि हॉर्नबी गाड्या आपल्या मार्गेटच्या ट्रायँग रेल्वेत मिसळून टाकल्या. 1971 साली लाइन्स ब्रदर्स कोसळले तेव्हा मेकॅनो एअरफिक्सकडे आले आणि मार्गेटची रेल्वे दुसऱ्या समूहाकडे गेली, जिथे तिला पुढे हॉर्नबी हेच नाव मिळाले. म्हणजे फ्रँक हॉर्नबी यांच्या एका अपत्याने एअरफिक्सला बुडवले आणि पंचवीस वर्षांनी दुसऱ्याने वाचवले. त्यावर आणखी एक: वर उल्लेखलेला फ्रॉग हाही लाइन्स ब्रदर्सच्याच घराण्यातला, आणि त्याची किटे शेवटी मार्गेटहूनच निघत होती. आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या माहेरी एअरफिक्स सून म्हणून गेली, असे म्हणायला हरकत नाही.

आरमारप्रेमी

विमानांवर सगळेच लिहितात, म्हणून जहाजांची बाजू मांडतो. एअरफिक्सची जहाजे एकास सहाशे या काहीशा आडवळणाच्या प्रमाणात असत आणि त्यांतली दोन किटे आपल्याला फार जवळची आहेत.

पहिले एचएमएस लिअँडर हे फ्रिगेट. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या नीलगिरी वर्गाच्या सहा फ्रिगेट याच लिअँडर वर्गावर बेतलेल्या. पहिली, आयएनएस नीलगिरी, 1972 साली नौदलात आली. एअरफिक्सचे किट सुरुवातीच्या लिअँडरचे आहे, ज्याची रुंदी 41 फूट. नीलगिरीसाठी नंतरचा 43 फुटी आराखडा घेतला होता. हा फरक ऐकून घाबरू नये. दोन फूट म्हणजे या प्रमाणात एक मिलिमीटर. सांगाड्याच्या दोन अर्ध्यांमध्ये मिलिमीटरभर प्लास्टिकची पट्टी घातली की काम झाले. तारागिरी आणि विंध्यगिरी करायच्या असतील तर मात्र सोपे नाही, कारण सी किंग हेलिकॉप्टरसाठी त्यांचा मागचा भाग बराच बदललेला होता.

दुसरे एचएमएस एजॅक्स ही क्रूझर. 1939 च्या डिसेंबरात प्लेट नदीच्या लढाईत एजॅक्सच्या बरोबरीने लढलेली तिची भगिनीनौका अकिलिस 1948 साली आपल्याकडे आली आणि आयएनएस दिल्ली झाली. 1961 साली गोवा मुक्तीच्या कारवाईत दीवच्या किनाऱ्यासमोर हीच दिल्ली उभी होती आणि तिच्या तोफा चालल्या. तेव्हा एजॅक्सच्या खोक्यातून आयएनएस दिल्ली घडवण्याचा मोह मला कधीपासून आहे.

पाटीपेन्सिल

@आरमारप्रेमी, मग अडचण काय आहे? भगिनीनौका म्हणजे आकार तोच असणार.

आरमारप्रेमी

@पाटीपेन्सिल, आकार तोच, पण आयुष्य वेगळे. एजॅक्सवर सहा इंची तोफांचे चार कक्ष होते, दोन पुढे आणि दोन मागे, एकूण आठ तोफा. अकिलिसला 1943 च्या जानेवारीत सॉलोमन बेटांजवळ जपानी विमानाचा बाँब लागला, तो मागच्या दोन कक्षांपैकी वरच्या कक्षावर. दुरुस्तीत तो कक्ष काढून टाकला आणि पुन्हा बसवला नाही. त्यामुळे दिल्लीवर तीनच कक्ष आणि सहाच तोफा होत्या. शिवाय दुरुस्तीच्या वेळी डोलकाठ्या, रडार आणि विमानवेधी तोफा सगळेच बदलले. कक्ष न लावणे सोपे. त्याच्या जागी जे होते ते छायाचित्रे पाहून पट्ट्या-तारांतून उभे करावे लागते, आणि अठ्ठावीस सेंटिमीटरच्या जहाजावर तो भाग अंगठ्याच्या नखाएवढा असतो.

भोसरी_टूलरूम

@आरमारप्रेमी, नखाएवढा भाग असेल तर तारा स्वतः प्लास्टिक ताणून करून पाहा. चौकटीची उरलेली दांडी मेणबत्तीच्या जवळ, ज्योतीत नव्हे, धरायची. मऊ होऊन लकाकली की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी सावकाश ओढायची. केसासारखी तार निघते. डोलकाठीच्या दोरांसाठी विकतचा धागा वापरू नये, त्याचे तंतू रंगात उभे राहतात.

खोकेवाला

भाच्याच्या स्पिटफायरची हकीकत कुणीतरी विचारण्याआधीच देतो. हंब्रोलच्या 29 क्रमांकाचा मातकट आणि 30 क्रमांकाचा गडद हिरवा लावून झाला, पोट 90 क्रमांकाच्या फिकट हिरवटाने रंगवले. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) बशीतल्या कोमट पाण्यात सोडली तेव्हा त्यातले एक गोल चिन्ह बोटावरच चिकटले, पण ते वाचवले. वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर मात्र किट जोडायचे सिमेंट लागलेल्या अंगठ्याचा स्वच्छ ठसा उमटला आहे. ते सिमेंट चिकटवत नाही, पॉलिस्टायरीन विरघळवून एकजीव करते, त्यामुळे ठसा आता विमानाचाच भाग झाला आहे. झाकण घासून पुन्हा चकचकीत करू या म्हटले तर तो नको म्हणाला. त्याला आता नीलगिरी करायची आहे. @आरमारप्रेमी, तिच्या बाजूवर क्रमांक कोणता घालायचा?

आरमारप्रेमी

एफ 33. पण आधी ती मिलिमीटरची पट्टी घालायला सांगा. क्रमांक लिहून झाल्यावर सांगाडा उघडता येत नाही.